कोरड्या बांधावरचे सहा पूल

म्हात्रेकाका बांधावरून चालता चालता मध्येच एका बाजूला सरायचे. डावीकडच्या दगडांना पाठ लावून क्षणभर थांबायचे, कुणीतरी पुढे गेल्यासारखी मान वळवायचे आणि मग पुन्हा चालू लागायचे. समोर कुणी नसे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला अल खौदची पांढरी घरं आणि मध्ये तासभर चाललं तरी न संपणारा मातीचा बांध, एवढंच असे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्यांना दम लागला असेल. दुसऱ्या वेळी मी विचारलं.

"इथं गर्दी असते," ते म्हणाले. "तिसरा पूल ना हा."

तिथे पूल नव्हता. चुन्याने रंगवलेला एक दगड होता.

ओमानमधल्या अल खौदच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम करत असे. एकटी राहत होते. बोलायची सवय कमी होती आणि ती कमी असल्याचं दुःखही नव्हतं. अशा माणसाकडे लोक सहसा येत नाहीत. म्हात्रेकाका आले, तेही हातात कॅलेंडरचं फाटलेलं पान गुंडाळून. पहारेकऱ्याने त्यांना दारातच अडवलं होतं. विद्यार्थी नाही, प्राध्यापक नाही, पायांत मातीने भरलेल्या चपला. मराठी ऐकू आलं म्हणून मी उठून गेले.

"बाई, तुम्ही आपल्याकडच्या ना? ह्या बांधाची माहिती पायजे."

त्यांनी पान उलगडलं. मोठं तळं होतं आणि त्याच्या मधोमध दोन्हीकडे झाडं असलेली एक सरळ वाट गेली होती. खाली चिनी अक्षरं होती.

"हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"एक चिनी सर्वेअर होता आमच्याकडं. गेला परत. जाताना भिंतीवरचं कॅलेंडर ठेवून गेला. मी त्याला विचारलं, हा कुठला डॅम? तर म्हणतो, डॅम नाही, चिखल. जुना चिखल. आणि दोन बोटं अशी चालवून दाखवली." त्यांनी टेबलावर दोन बोटं चालवली. "म्हणजे लोक अजून चालतात. हे मला समजंना. चिखलाचा बांध टिकला कसा?"

त्यांच्या प्रश्नात कुतूहल नव्हतं. डॉक्टरला रिपोर्ट दाखवून माणूस जसं विचारतो तसं ते विचारत होते. म्हणून मी शोधायला लागले.

ते हांगचौ शहरातलं पश्चिम सरोवर निघालं. त्याच सुमारास त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं होतं, त्यामुळे वाचायला बरंच मिळालं. मी दर शुक्रवारी संध्याकाळी बांधावर जाऊन त्यांना वाचलेलं सांगू लागले. नऊशे वर्षांहून जुनी गोष्ट होती. गाळ आणि पाणवनस्पती वाढून तळं अर्धंअधिक बुजलं होतं. शहरावर नेमलेला अधिकारी कवी होता. त्याने तळं उपसायला घेतलं आणि उपसलेला गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न उभा राहिला. तळ्याभोवती टाकावा तर वाहून न्यायला जन्म जायचा. त्याने तो तळ्यातच, दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत एका रेषेत घातला. पाणी अडू नये म्हणून मध्ये सहा पूल ठेवले. कडेने विलो आणि पीच लावले, मुळांनी माती धरावी म्हणून. गाळ पुन्हा साचू नये यासाठी पाण्यात तीन छोटे दगडी मनोरे उभे केले. त्यांच्या आत कुणी शिंगाडा लावायचा नाही, असा नियम होता.

"शिंगाडा?" म्हात्रेकाका हसले. "आपला उपासाचा?"

"त्याच्याच जातीचा."

"शाणा माणूस. मनोरा दिसतो, हुकूम दिसत नाय. आणि गाळ उचलला कुणी?"

पुस्तकात हजारो मजूर असं होतं. नावं नव्हती.

"नसायचीच," ते म्हणाले. थोडं चालून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "पण बघा, पाटीवाल्याचं वजन असतं बांधात. पाटी टाकून तो दोन पावलं दाबतो ना, ती पावलं राहतात आत."

पुढच्या शुक्रवारी बांधावर चुन्याने रंगवलेले सहा दगड दिसले.

ते रायगडातल्या खाडीकाठच्या गावचे. वयाच्या तिशीत ओमानमध्ये आले, आधी रुस्ताकला, मग इथे. त्यांच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, काम मात्र एकच होतं. बांधावरून फिरायचं आणि तो बरा आहे का ते बघायचं. बांध वर्षातले बहुतेक दिवस कोरडा. डोंगरात पाऊस पडला की वादीला, म्हणजे कोरड्या नदीपात्राला, लोंढा येतो. तो अडवून जमिनीत मुरवायचा, एवढ्यासाठी तो घातलेला. पाणी आठवडाभर राहतं, मग मागे पिठासारखा गाळ उरतो, आणि उन्हात त्याच्या भेगा पडतात. त्या भेगाळलेल्या पात्रात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पाणीमापाची काठी एकटीच उभी असे. म्हात्रेकाका तिच्याकडे बघून रोज मान हलवायचे. त्यांच्या ओळखीतली ती सर्वांत धीराची व्यक्ती होती, असं त्यांचं म्हणणं.

'डॅम' हा शब्द त्यांना खपत नसे. "डॅम सरकारचा असतो, बाई. बांध चालणाऱ्याचा." साहेबांसमोर ते डॅमच म्हणायचे, पण म्हणताना खोकायचे. मी शाकाहारी असल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. खिशातून सुक्या जवळ्याची पुडी काढून ते आधी वाऱ्याची दिशा बघायचे आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन खायचे. "तुमचा धर्म माझ्या वासाने नको बुडायला." पहिल्या पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत चप्पल हातात घेऊन चालायचे. तळव्याला ओल कळते, तशी यंत्राला कळत नाही, असं ते म्हणत. आणि बांधावरून उतरताना शेवटी वाकून मूठभर माती उचलायची व ती कडेला दाबायची, हे मी एकदाही चुकलेलं पाहिलं नाही.

बांधाच्या माथ्यावर ठरावीक अंतराने लोखंडी नळ्या पुरलेल्या होत्या. आत पाणी किती चढलंय ते त्यातून मोजतात. त्यासाठी कार्यालयाने बॅटरीवर चालणारं, पाण्याला टेकलं की शिट्टी वाजवणारं यंत्र दिलं होतं. म्हात्रेकाकांनी ते कपाटात नीट ठेवलं होतं. ते मोजायचे आईच्या निरांजनाने. पितळेचं, बुडाशी झिजलेलं निरांजन मापाच्या फितीला उलटं बांधलेलं असे. नळीत सोडलं की तळ कोरडा असेल तर ठक् वाजे. पाणी असेल तर निरांजनाच्या पोकळीत हवा कोंडून डुब् असा आवाज येई. तो मला पुराच्या आठवड्यात ऐकायला मिळाला होता. घागर बुडवल्यासारखा, पण लहान.

"देवातलं निरांजन असं वापरता?" मी विचारलं होतं.

"आई गेली तेव्हा मी इथं होतो. तिची एवढीच वस्तू माझ्याकडं आली. वात लावून खोलीत ठेवली असती तर रूममेट म्हणाला असता, गॅस गळतो, आग लागंल. मंग काय, कामाला लावली म्हातारीला."

सात नंबरची नळी चौथ्या पुलाच्या जरा पुढे होती. एका उन्हाळी शुक्रवारी, महिनोन् महिने थेंब पडलेला नसताना, त्यांनी मला तिथे थांबवलं. सूर्य डोंगराच्या कडेवर होता, वारा पडला होता. त्यांनी फीत सोडली. बराच वेळ ती सरसरत खाली गेली आणि ठक् वाजलं. कोरडं. त्यांनी फीत गुंडाळत वर घेतली, निरांजन पुसलं, तळहातावर धरलं.

"आता बोलू नका."

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. निरांजन हातातच होतं. नळीच्या आतून, खोलवरून, डुब् असा आवाज आला.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"वाजलं ना?"

"हो."

"नक्की? माझ्या मनासारखं म्हणून सांगू नका."

"वाजलं, काका."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की खांदे खाली आले. "म्हणजे मी खुळा नाय."

"काय आहे ते?"

"पलीकडनं कुणीतरी मोजतंय."

"पलीकडनं म्हणजे कुठून?"

"ते मला काय माहीत? मी ह्या अंगाने मोजतो, तो त्या अंगाने मोजत असंल. दहा वर्षं ऐकतोय. रोज नाय. कधीतरी." त्यांनी वही काढून लिहिलं, सात, कोरडी. मी त्या वहीकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "आपण केलं तेवढंच लिहायचं. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर घालू नये."

परत येताना तिसऱ्या पुलाशी ते बाजूला सरले, तेव्हा त्यांच्या मागोमाग मीही सरले. का, ते सांगता येणार नाही. त्यांनी पाहिलं, पण थट्टा केली नाही.

चिखलाचा बांध टिकला कसा, हे ते इतक्या काळजीने का विचारत होते, ते मला दोन वर्षांनी कळलं. आपण नोकरीवर इतकी वर्षं आहोत आणि एकही दिवस बांध न चालता गेला नाही, हे ते अधूनमधून सांगायचे. सुट्टीवर गावी गेले की पहारेकऱ्याला चालायला लावायचे आणि रोज फोन करायचे. मी एकदा सहज म्हटलं, एखादा दिवस राहिला तर काय बिघडतं?

ते चालायचे थांबले. दगडावर बसले. मग गावाचं सांगितलं.

त्यांच्या गावची भातशेती खाडीच्या पातळीखाली. समुद्राचं पाणी रोखायला चिखलाचा बांध, आणि त्याला भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप करणारी उघाडी. बांध सगळ्या गावाचा, म्हणून राखायची पाळी घराघरावर. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी उधाण येतं, तेव्हा पाळीवाल्याने बांधावरून पूर्ण फिरायचं. खेकड्याने बीळ पाडलं असेल तर तिथल्या तिथे चिखलाचा गोळा ठोकायचा. बस, एवढंच काम. सोळाव्या वर्षी वडिलांनी पाळी त्यांच्यावर सोपवली. त्या दिवशी शेजारच्या गावात कबड्डीचे सामने होते.

"वडिलांनी विचारलं, फिरलास? मी म्हटलं, फिरलो. विचारलं, उघाडीच्या अंगाला? म्हटलं, तिथपण बघितलं. बीळ तिथंच होतं. दुसऱ्या उधाणाला खांड गेली, बांधच फुटला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत शेतात खारं पाणी. तीन वर्षं गावात भात नाय पिकलं, बाई. अख्ख्या गावात."

"गावाला कळलं?"

"गावकी बसली. पाळी कुणाची होती? मी उठणार होतो. खरंच उठणार होतो. तेवढ्यात बाप उभा राहिला आणि म्हणाला, पाळी माझी होती." ते हातातली चप्पल उलटी करून तिची माती झाडू लागले. "नंतर मला एका शब्दाने बोलला नाय. मरेपर्यंत रोज बांधावर जायचा. आपली पाळी असो नसो."

चप्पल खाली ठेवून त्यांनी पात्राकडे हात केला. "तुमचा तो चिनी बांध का टिकला, सांगू? झाडांनी नाय. पुलांनी नाय. तिथं नऊशे वर्षांत एक दिवस असा गेला नसंल की कुणी चाललं नाय. मौजेला का होईना, पण पाय पडले. बांधाला पाय लागतात. एक दिवस चुकला की तो विसरायला लागतो."

मी त्यांना सांगितलं की तो बांधही मूळचा राहिलेला नाही. तळं पुन्हा पुन्हा भरलं, पुढच्या राजवटींनी पुन्हा उपसलं, आणि प्रत्येक वेळी नवा गाळ जुन्यावर चढवला. आज लोक चालतात तो सगळ्यांचाच चिखल आहे.

"मंग बरोबर," ते म्हणाले. "म्हणून गर्दी असते."

त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली आणि नोकरी संपली. व्हिसाही संपणार होता. सालिम नावाचा तरुण ओमानी इंजिनीयर त्यांचा साहेब होता. त्याचा त्यांच्यावर जीव होता. नळ्यांमध्ये आता संवेदक बसवले होते आणि आकडे थेट कार्यालयातल्या पडद्यावर येत होते. निरोपाला हलवा आणि कहवा होता. सालिमने त्यांना मिठी मारली. "खलास म्हात्रे, अब तुम आराम करो. अब मशीन देखेगा."

"मशीन चलेगा क्या, अर्बाब?" म्हात्रेकाकांनी विचारलं.

"चलेगा, चलेगा, फर्स्ट क्लास चलेगा!"

म्हात्रेकाकांनी दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली. "ऐसा चलेगा?"

सालिम खळखळून हसला. मला हसू आलं नाही, कारण त्यानंतर म्हात्रेकाकांनी माझ्याकडे पाहिलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही बांध पूर्ण चाललो. दुसऱ्या टोकाला त्यांनी फितीसकट निरांजन माझ्या ओंजळीत ठेवलं.

"नाय म्हणायचं असंल तर आत्ता म्हणा. नंतर वाईट वाटायला नको. रोज मगरिबच्या आधी एकदा, दिस बुडायच्या आत. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सात नंबरला फीत सोडायची. बाकीच्यांचं मशीन बघंल."

मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींना हो म्हटलं आहे. त्या दिवशी म्हटलं.

"आणि ह्यात वात लावू नका आता. पाण्याचं झालं ते."

मी खाली उतरून बांधालगतच्या रस्त्याने गाडीकडे निघाले. मागे वळून पाहिलं तेव्हा ते बांधावर उलट्या दिशेने परत चालू लागले होते. चपला हातात. उंच बांधावर, मावळतीसमोर, काळी काटकुळी आकृती. तिसऱ्या दगडाशी ते बाजूला सरले. या वेळी नुसते थांबले नाहीत, त्यांनी हात जोडले. मग कितीतरी वेळ, एखादी लांबलचक रांग पुढे जाऊ द्यावी तसे, तिथेच उभे राहिले. त्यांचं मला झालेलं ते शेवटचं दर्शन.

त्यानंतर रोज सात वाजता फोन यायचा. त्यांच्याकडे साडेआठ वाजलेले असत, जेवणाची वेळ. मागे सुनेच्या हाका ऐकू येत.

"फिरलात?"

"फिरले."

"सात नंबर?"

"कोरडी."

"बरं." आणि मग गावच्या बांधाचं. तिथे आता ते रोज जात. पाळी बंद पडली होती, बांध कंत्राटदाराकडे होता, उधाणाला बघायला कुणी नव्हतं. "इथले खेकडे मला बघून हसतात," असं एकदा म्हणाले.

अडीच महिने मी एकही दिवस चुकवला नाही. त्यांच्यासारखीच मीही वही केली होती आणि तीत रोजची ओळ लिहीत होते. तापातसुद्धा गेले. सात नंबरच्या नळीतून ठक् याशिवाय दुसरा आवाज मला एकटीला कधी आला नाही. आपण योग्य माणूस नाही, असं त्यावरून वाटायचं.

दिवाळीत ओमानमध्ये आम्हाला सुट्टी नसते. नरक चतुर्दशीला दुपारी पुस्तकांची नवी पेटी आली. तीत त्याच सरोवरावरचं एक मोठं पुस्तक होतं, मीच मागवलेलं. जुने नकाशे होते, उपसणीची चित्रं होती. एका चित्रात माणसं रांगेने पाट्या घेऊन बांधावरून चालली होती आणि कडेला एकजण त्यांना वाट देत उभा होता. मी ते चित्र भिंगाखाली धरलं. मग पुढचं पान. मग त्यापुढचं. दिवे लागले तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. अंधार पडला होता. टेबलावर फोन वाजत होता.

"फिरलात?"

दुसरं काहीही म्हणता आलं असतं. आत्ता निघते, असं म्हणता आलं असतं. राहिलं, असंही.

"फिरले," मी म्हटलं.

"सात नंबर?"

"कोरडी."

पलीकडून फटाक्यांचा आवाज येत राहिला.

"बरं," ते म्हणाले. नेहमीपेक्षा जास्त मायेने म्हणाले. "दमला असाल. जेवा. उद्या अमावास्या, दुपारी उधाण हाय. मला बांधावर जायाचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. नीलेश त्याचं नाव, माझं त्याच्याशी आधी कधी बोलणं झालं नव्हतं. बाबा उधाणाच्या वेळी बांधावर गेले होते. उघाडीच्या अंगाला, जुन्या खांडीच्या जागी, बसलेले सापडले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या मुठीत चिखल होता, तो घट्ट दाबलेला.

तोच बोलत होता, रडू आवरत, जसं सुचेल तसं.

"तुम्हाला कळवायचं म्हणून... काल तुमच्याशी बोलले ना, तेव्हापासून गप्प होते. जेवता जेवता मध्येच म्हणाले, आजची पाळी बाईंची नव्हती, माझी होती. आम्हाला काय समजलं नाय. तुम्हाला काय माहीत हाय का?"

"नाही," मी म्हटलं. चोवीस तासांत दुसरं खोटं.

मगरिबला तास होता. मी निरांजन घेतलं आणि गेले. बांधावर कुणी नव्हतं. पहिल्या दगडाशी चपला काढल्या. माती गार होती, त्या ऋतूत असते त्याहून गार. पात्रातली काठी उभी होती. सात नंबरला पोचेपर्यंत वारा पूर्ण पडला. मी फीत सोडली. ठक्. वर ओढून घेतली, पदराने पुसली आणि निरांजन तळहातावर धरून उभी राहिले.

नळीतून डुब् असा आवाज आला.

मी वही काढली. आदल्या दिवसाची ओळ कोरी होती. ती तशीच ठेवली. तिच्याखाली लिहिलं, सात, कोरडी. आवाजाची नोंद केली नाही. ते माझं काम नव्हतं.

परतताना तिसऱ्या दगडाशी ओल्या चिखलाचा वास आला, खाडीचा, खारट. मी डावीकडच्या दगडांना पाठ लावली, हात जोडले आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.